मुलांचं लसीकरण कार्ड आणि अमेरिकेतली शाळा

अमेरिकेला बदली झालेल्या घरांतून हल्ली एक प्रश्न हमखास येतो : तिथले आरोग्यमंत्रीच लसींवर शंका घेतात म्हणे, मग शाळेत मुलांचं लसीचं कार्ड दाखवावं लागतं का? लागतं. आणि तिथे ते तारीख न् तारीख वाचलं जातं, नुसती झेरॉक्स फायलीला लावून भागत नाही.

वॉशिंग्टनमधला गोंधळ खराच आहे. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी लसींच्या शिफारशी करणाऱ्या केंद्रीय सल्लागार समितीचे सगळे १७ सदस्य एका फटक्यात काढले. नव्या समितीने डिसेंबरमध्ये ठरवलं की आईला हेपॅटायटिस-बी नसेल, तर बाळाला जन्मल्या जन्मल्या ती लस सरसकट द्यायची गरज नाही. कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्याने त्याआधीच लसींच्या शिफारशींसाठी आपली वेगळी आघाडी उघडली होती. पण केंद्र शिफारसच करतं. शाळेच्या दारात कोणती लस सक्तीची, हे राज्याचा कायदा सांगतो. १९०५ सालच्या जेकबसन खटल्यात (देवीची लस नाकारली म्हणून पाच डॉलर दंड झाला होता) सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार मान्य केला आणि १९२२ मध्ये सॅन अँटोनिओच्या खटल्यात शाळाप्रवेशाची सक्तीही उचलून धरली.

म्हणून टीव्हीवर कोण काय बोललं त्यापेक्षा तुमची बदली कुठे झालीय हे बघा. डिस्नेलँडमधून २०१४ च्या डिसेंबरात गोवर पसरला, त्यानंतर कॅलिफोर्नियाने धार्मिक आणि वैयक्तिक मतांवरून लस टाळण्याच्या सगळ्या सवलती बंद केल्या. २०१६ पासून तिथे फक्त वैद्यकीय कारण चालतं, तेही डॉक्टरने राज्याच्या संगणकप्रणालीत भरलेलं. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तेच केलं. मेन आणि कनेक्टिकटही त्याच वाटेने गेले. टेक्सासमध्ये मात्र ‘सदसद्विवेकाचं कारण’ एवढं लिहून दिलं की पुरतं. तो फॉर्म पूर्वी मागवला की टपालाने यायचा, सप्टेंबर २०२५ पासून घरबसल्या डाऊनलोड होतो. फ्लोरिडाच्या आरोग्यप्रमुखांनी सगळीच सक्ती उठवायची घोषणा केली खरी, पण त्यांच्या खात्याच्या हातात चारच लसी आहेत. गोवर, पोलिओ, घटसर्प या कायद्यातच लिहिलेल्या आहेत, त्यांना हात लावायचा तर विधिमंडळात जावं लागतं.

सवलत सोपी केली की काय होतं, ते पश्चिम टेक्सासच्या गेन्स काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) दाखवलं. तिथे बालवाडीतल्या सुमारे १८ टक्के मुलांकडे सवलतीचा कागद होता. गोवर रोखायला साधारण ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते. २०२५ च्या जानेवारीत सुरू झालेली साथ ऑगस्टमध्ये संपली तोवर टेक्सासमध्ये ७६२ जणांना गोवर झाला होता आणि लस न घेतलेली दोन मुलं दगावली होती. देशभरात त्या वर्षी दोन हजारांहून अधिक रुग्ण सापडले. आणि हा देश २००० साली गोवरमुक्त जाहीर झाला होता! २०२४-२५ मध्ये बालवाडीच्या मुलांमधलं गोवराचं लसीकरण ९२.५ टक्क्यांवर आलं होतं.

आपल्या मुलांची अडचण वेगळीच असते. लसी सगळ्या दिलेल्या असतात, पण तारखा तिथल्या नियमात बसत नाहीत.

पहिला घोळ गोवराचा. आपल्याकडे नवव्या महिन्यात एमआर (गोवर, रुबेला) किंवा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) देतात. पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस अमेरिकेत धरत नाहीत (चार दिवसांची सूट असते). खाजगी डॉक्टरकडे नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं असे तीन एमएमआर झाले असतील तर उरलेले दोन मोजले जातात, काळजी नाही. सरकारी दवाखान्यातल्या एमआरमध्ये मात्र गालगुंडाची लसच नसते, त्यामुळे एमएमआर पुन्हा घ्यावी लागते. कांजिण्यांची लसही सरकारी कार्यक्रमात नाही आणि तिथे ती बहुतेक सगळीकडे मागतात. हेपॅटायटिस-ए टेक्साससारखी काही राज्यं मागतात.

दुसरा घोळ हेपॅटायटिस-बीचा, आणि तो कुणाच्या लक्षातच येत नाही. सहा, दहा, चौदा आठवड्यांना देतात त्या पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीत ती असते. पण शेवटचा डोस २४ आठवड्यांच्या वयानंतरचा हवा असा तिथला नियम आहे. चौदाव्या आठवड्याला संपलेलं वेळापत्रक एक डोस कमी ठरतं.

पोलिओचं तर विचारूच नका. एप्रिल २०१६ नंतर तोंडावाटे दिलेले थेंब तिथे मोजत नाहीत, कारण तेव्हापासून त्या थेंबांत तीनपैकी दोनच प्रकारचे विषाणू उरले. इंजेक्शनचे डोस लागतात आणि शेवटचा चार वर्षांच्या पुढे, आधीच्या डोसपासून निदान सहा महिन्यांनी. पल्स पोलिओच्या रविवारच्या नोंदींनी भरलेलं पान इथे उपयोगाचं नाही.

निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक तक्ता करून घ्या, सही-शिक्क्यासह. तारखेत महिना अक्षरांत लिहायला सांगा. ०५/०८ आपल्याला पाच ऑगस्ट, तिथल्या नर्सला आठ मे. एवढ्यानेच एखादा डोस ‘वाढदिवसाआधीचा’ ठरू शकतो. कंपनीने लसीला दिलेल्या नावापुढे घटक लिहून घ्या. पुण्याच्या सीरमची ‘ट्रेसिव्हॅक’ म्हणजे एमएमआर, हे शाळेतल्या नर्सला ठाऊक असेलच असं नाही. राहिलेल्या लसी शक्यतो इथेच उरका, मात्र एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकतर एकाच दिवशी द्यायची, नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ द्यायचे. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरी असं केलं तर दुसरी बाद.

तिथे पोचल्यावर ‘कशाला एवढा खटाटोप, सवलतीच्या फॉर्मवर सही करून टाका’ असा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नये. त्या सहीने मूल कागदोपत्री लस न घेतलेलं ठरतं आणि शाळेत गोवर निघाला की साधारण २१ दिवस घरी बसवलं जातं. अनेक राज्यांत अपुऱ्या कार्डावर तात्पुरता प्रवेश मिळतो, पुढच्या डोसची तारीख दाखवली म्हणजे झालं.

पैशांचं म्हणाल तर विमा सुरू झालेला असेल आणि डॉक्टर त्या विम्याच्या यादीतला असेल, तर मुलांच्या शिफारस झालेल्या लसींना सहसा खिशातून काही जात नाही. विमा अजून सुरू व्हायचा असेल तर काउंटीच्या आरोग्य खात्यात ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन’बद्दल विचारा. १९८९ ते ९१ च्या गोवराच्या साथीनंतर आलेल्या या योजनेत विमा नसलेल्या १९ वर्षांखालच्या मुलांना लस फुकट मिळते, व्हिसा विचारत नाहीत. टोचण्याचं थोडं शुल्क लागू शकतं. ते परवडत नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या सुमारास तिथे झुंबड असते, तेव्हा वेळ आधीच ठरवा.

राहता राहिली टीबीची चाचणी. काही काउंटी भारतातून आलेल्या मुलांची ती मागतात. बीसीजीमुळे (आपल्याकडे बाळाला देतात ती टीबीची लस) त्वचेवरची माँटू चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, पुन्हा चिठ्ठी असा फेरा लागतो. बीसीजी झालेली आहे हे आधी सांगून रक्ताची चाचणी मागा. बीसीजीने तिचा निकाल बिघडत नाही.