एनएसवर बॅग कुठं बांधायची? सातारा-पाटण-गुहागर

गुहागरला जायचं गुरुवारी रात्री फोनवर ठरलं आणि शुक्रवारी रात्री अकरा वाजता मी पार्किंगमधे मोबाईलचा टॉर्च लावून माझ्या पल्सर एनएस बाईकच्या मागच्या सीटवर बॅग बांधत होतो. बांधायची, दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायची, सरकली की सोडायची, परत बांधायची. आई गॅलरीतनं म्हणाली, अरे दोनच दिवस जातोयस ना, झोप की आता. पण जूनमधे याच रस्त्याला जे झालेलं ते डोक्यातनं जात नव्हतं.

आधी ते सांगतो.

माझी गाडी पल्सर एनएस २००. जीव आहे माझा तिच्यावर. पण नेकेड गाडी, म्हणजे इंजिनावर प्लॅस्टिकचं आवरण नसलेली, बनवलेलीच असते हलकी आणि चपळ, त्यामुळं मागं कॅरियर नाही, शेपूट आखूड, मागची सीट वेगळी, उंच आणि अरुंद. कास-बामणोली करून संध्याकाळी घरी यायचं असेल तर सामानाचा प्रश्नच येत नाही, एक रेनकोट सीटखाली जमेल तसा कोंबला की झालं. मुक्कामाला जायचं म्हटलं की खरी अडचण सुरू होते.

जूनमधे मी कॉलेजची सॅक पाठीवर टाकून निघालो, ८ किलो भरली होती. उंब्रजपर्यंत काहीच वाटलं नाही. एनएसवर आपण थोडे पुढं झुकून बसतो, मग सॅकचं वजन खांद्यावरनं हळूहळू मनगटात उतरतं, आणि पाटणला चहाला थांबलो तेव्हा ॲक्सिलेटरच्या हाताची बोटं सरळ करताना दुखत होती. एका जुन्या रायडरनं नंतर सांगितलं की पडलास तर सॅकमधली कडक वस्तू थेट मणक्यात घुसते. तेव्हापासनं पाठीवर मी काहीच घेत नाही, म्हणजे काहीच नाही.

तर पाटणला दोन बंजी, म्हणजे हुकाच्या रबरी दोऱ्या, विकत घेतल्या आणि सॅक मागच्या सीटवर टाकली. पुढं कोयनानगरला पाऊस लागला. वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी जागा ती, आणि आपल्याच जिल्ह्यात माण-खटावला ५०० झाला तरी लोक समाधान मानतात. पावसाळ्यात रोज सकाळी कोयना किती टीएमसी झालं ते आपण सगळेच पेपरात बघतो, पण १०५ टीएमसीचं धरण ज्या पावसानं भरतं तो पाऊस हेल्मेटवर घेणं वेगळं, समोरचं दिसत नाही आणि स्वतःचा हॉर्न ऐकू येत नाही.

हेळवाक सोडून कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या का चौथ्या वळणाला समोरनं येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं लाईट मारली, हात बाहेर काढून मागं बघ मागं बघ अशी खूण केली. कडेला घेऊन बघतोय तर सॅक डावीकडं पूर्ण लोंबकळलेली. तिचा एक मोकळा पट्टा चेनपर्यंत पोचलेला. त्याचं टोक बोटात धरून बघितलं, काळं ग्रीस लागलेलं आणि कडेचे दोरे उसवून पिंजारलेले. म्हणजे चेनला तो लागून आला होता. अजून जरा आत गेला असता तर स्प्रॉकेटमधे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, गुंडाळून मागचं चाक जाम, तेही घाटात, ओल्या रस्त्यावर आणि पाठीमागं एसटी. तो दादा कोण कुठला मला माहीत नाही, पण त्याचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही.

वर रेनकव्हर होतं तरी चिपळूणला लॉजवर सॅक उघडली तेव्हा कोरडी चड्डीसुद्धा नव्हती. रेनकव्हर वरचं पाणी अडवतं, चाकानं खालनं उडवलेलं पाणी पाठीच्या बाजूनं आत जातं आणि कव्हरच्या तळाशी साठतं, मग सॅक त्याच पाण्यात बसून राहते.

त्यानंतर तीन महिने मी भेटेल त्याला फक्त बॅगेबद्दल विचारत होतो.

पहिल्यांदा वाटलं सॅडलबॅग घ्यावी, खोगिरासारख्या दोन्ही बाजूंना सोडलेल्या पिशव्या. वजन खाली राहतं, गाडीचा तोल बिघडत नाही, विचार म्हणून एकदम बरोबर. एनएसचा सायलेन्सर इंजिनाखाली आहे त्यामुळं बॅग भाजायची भीती नाही. माझ्या मित्राच्या गाडीचा सायलेन्सर उजव्या बाजूला वर उचललेला आहे आणि त्याच्या सॅडलबॅगला तळहाताएवढं भोक पडलंय, कडा वितळून कडक झालेल्या, आतली जीन्स पण गेली. त्याची बॅग मी माझ्या गाडीवर लावून बघितली तर दुसरीच अडचण निघाली. शेपूट आखूड असल्यामुळं बॅगा मागनं आत चाकाकडं झुकतात, आणि मागचे इंडिकेटर अर्धे झाकले जातात. पहिल्यासाठी सॅडल स्टे म्हणून लोखंडी दांड्या बसवून मिळतात. पण मी एकटा माणूस, दोन दिवसाला जाणारा, आणि जागा असली की ती भरतेच. पन्नास-साठ लिटर मला नकोच होते.

मग टॉपबॉक्स, म्हणजे सीटच्या मागं बसवायचा कडक डबा. ऑफिसमधल्या एकानं त्याची टॉपबॉक्सवाली गाडी चालवायला दिली आणि मी मुद्दाम ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर गेलो, कारण वारा बघायचा तर आपल्याकडं पवनचक्क्यांच्या पठारासारखी जागा नाही. कुलूप लागतं, पाऊस आत जात नाही, हेल्मेट मावतं, सगळं मान्य. पण बॉक्स मागच्या चाकाच्याही मागं आणि सीटच्या वर बसतो, त्यामुळं तिथलं पाच किलो वजन मागच्या सीटवरच्या पाच किलोसारखं वागत नाही. तराफ्याच्या टोकाला उभं राहिल्यासारखं होतं, मागं दाबतं आणि पुढनं उचलतं. पठारावर बाजूचा वारा लागला तसं हँडल हातात हलकं वाटायला लागलं आणि मी साठवरनं चाळीसवर आलो. मोठ्या, लांब गाडीला तो ठीक असेल. हलक्या गाडीला टॉपबॉक्स लावायचाच असेल तर आतल्या स्टिकरवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते ती आधी वाचा, आपल्याला वाटतं त्यापेक्षा ती बरीच कमी असते.

शेवटी घेतली मागच्या सीटवर बांधायची ४० लिटरची टेलबॅग, तोंड गुंडाळून बंद करायची, आणि टाकीवर छोटी ८ लिटरची टँकबॅग. टँकबॅग चुंबकाची घेताना टाकीला आधी साधं चुंबक लावून बघा, आजकाल बऱ्याच नेकेड गाड्यांच्या टाकीवर प्लॅस्टिकची कव्हरं असतात, तिथं ते चिकटत नाही.

टेलबॅगमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचे पट्टे. एनएसची मागची सीट चावीनं निघते, मग दोन पट्टे आडवे सीटच्या खालनं घ्यायचे, सीट वरनं खट करून बसवायची आणि चारही टोकं बॅगेच्या बकलमधे ओढायची. बॅग ग्रॅब रेलला, म्हणजे मागं बसणाऱ्यानं धरायच्या दांडीला, नुसती अडकवलेली नसते, अख्खी सीट तिला धरून ठेवते. बंजी ताणते, म्हणजे खड्ड्यात बॅग उडते आणि दर उडीला जरा जरा सरकते. पट्टा ताणत नाही. उरलेली मोकळी टोकं गुंडाळून रबरात अडकवायची, हे मी आता देव्हाऱ्यातला दिवा लावावा तसं न चुकता करतो.

त्या शुक्रवारी रात्री आणखी एक गोष्ट सापडली. हँडल पूर्ण डावीकडं वळवलं की टँकबॅगची कड हॉर्नच्या बटणावर दाबत होती. घाटातल्या यू वळणाला हँडल अडलं तर काय होईल हा विचार करून बॅग दोन बोटं मागं घेतली, वरचा कप्पा रिकामा केला, आणि पुन्हा दोन्हीकडं लॉकपर्यंत फिरवून बघितलं.

शनिवारी साडेपाचला पोवई नाक्यावरनं निघालो. सप्टेंबरचा शेवट, हवेत गारवा. टेलबॅगमधे कपडे आणि कपड्यांच्या मधोमध आदल्या दिवशी मोती चौकातनं घेतलेले अर्धा किलो कंदी पेढे, मित्राच्या मावशीसाठी, गुहागरला तिच्याकडंच उतरायचं होतं. जड गोष्टी सगळ्या पुढं टँकबॅगमधे, पंक्चर किट, पाना-पक्कड, पाण्याची बाटली, चेन लूबचा डबा. टाकीवरचं वजन गाडीच्या मध्याजवळ येतं त्यामुळं ते जाणवतच नाही. मागच्या टायरमधे हवा मॅन्युअलमधे डबलसीटसाठी सांगितलीय तेवढी, आणि मागचा शॉकअब एक घर कडक केलेला.

नागठाण्याच्या पुढं थांबून पट्टे तपासले. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरला कपडे आत बसतात आणि पट्टा ढिला पडतो, चारही बाजूंनी बोटभर तरी ओढला गेला. उंब्रजला हायवे सोडला, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. पाऊस असा नव्हताच, नुसतं धुकं आणि मधनंच शिंतोडे. कुंभार्लीत जूनमधल्या त्याच वळणावर मी मुद्दाम गाडी कडेला घेतली. कड्यावरनं पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या, खाली पोफळीकडचं हिरवं रान. मागं हात घालून बॅग हलवली. बॅगेबरोबर गाडी हलली, बॅग जागची हलली नाही.

चिपळूणनंतर उकडायला लागलं आणि गुहागरला पोचेपर्यंत अंगातलं जॅकेट चिंब झालेलं. व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, संध्याकाळी सुरूच्या बनातनं किनाऱ्यावर गेलो, पाण्यात पाय सोडून अंधार पडेपर्यंत बसलो. मावशींनी पेढ्यांचा बॉक्स उघडून पहिला पेढा देवापुढं ठेवला. त्यांचा एकही पेढा दबला नव्हता.

रविवारी निघताना त्यांनी आमसुलं, फणसपोळ्या आणि आगळच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, लिटर-लिटरच्या दोन बाटल्या पुढं केल्या. नको म्हणायचं नसतं. आगळ सांडला तर बॅगेतलं सगळं गेलं, तो डाग निघत नाही. मावशींनी झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घातला, झाकण पिळून बसवलं आणि वर दोरा गुंडाळून गाठ मारली. दोन्ही बाटल्या टेलबॅगेत टाकून निघालो खरा, पण कुंभार्ली चढताना वळणावर पुढचं चाक हलकं वाटत होतं, चाळकेवाडीला वाटलेलं तसंच, थोड्या प्रमाणात. तिथंच थांबलो. बाटल्या टँकबॅगमधे उभ्या केल्या, तिथलं पंक्चर किट आणि चेन लूब मागं टाकलं, फणसपोळ्या त्याच्यावर. पाच मिनिटांचं काम. पुढचा घाट गाडी पहिल्यासारखी वळली.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजलेले. पट्टे सोडले, सीट काढली, बॅग खांद्याला लावून वर गेलो. आईनं आगळची बाटली ट्यूबलाईटसमोर धरून बघितली. दोरा तसाच होता, गाठ तशीच. म्हणाली, मीठ किती घातलंय विचारलंस का मावशींना?