उन्हाळ्यात फोल्डिंग चालवायचं तर

फोल्डिंग ॲट होम हे सॉफ्टवेअर 2000 सालापासून प्रथिनांच्या घड्यांचं गणित लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सोडवून घेतंय. विदर्भात मे महिन्यात पारा 45 वर, तेव्हा हे गणित करणारं ग्राफिक्स कार्ड दिवसा बंदच बरं. रात्री लावा, ‘फिनिश’ दाबलं की हातातलं काम संपवून थांबतं. कार्डची पॉवर लिमिट (वीज ओढायची मर्यादा) 70 टक्क्यांवर आणा, वेग थोडाच घटतो. 200 वॅटचं कार्ड 10 तासांत 2 युनिट खातं, बिल आधीच मोजा! लाईन गेली तर काम शेवटच्या चेकपॉइंटपासून (जतन झालेल्या टप्प्यापासून) पुढे चालतं, पण ते परत पाठवायची मुदत टळली की दुसऱ्याकडे जातं.

खरा वैरी धूळ. कापूस वेचणीत पंख्याच्या पात्यांवर रुईचे तंतू चिकटून गादीच होते. दर पंधरवड्याला कॉम्प्युटर बंद करून, पातं बोटाने धरून, मऊ ब्रशने झाडा. कूलरची ओली हवा कॅबिनेटवर नको.