तुम्ही विचारलंत म्हणून: लॉर्डांच्या वाड्यात मला काय सापडतं

"ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांच्या वाड्यातल्या चांदीच्या काट्याचमच्यांचं तुम्हाला एवढं काय कौतुक?" 'डाउन्टन ॲबी'चा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणारे बहुतेक चांगलं वाचणारे, इतिहासाची चाड असणारे असतात. प्रश्न रास्तच आहे, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्युलियन फेलोज यांनी लिहिलेली ही मालिका ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर २०१० साली सुरू झाली. यॉर्कशायरमधलं एक काल्पनिक सरदार घराणं, ग्रँथमचे अर्ल. त्यांना तीन मुली, मुलगा नाही. त्यामुळे जहागीर जाणार मॅथ्यू नावाच्या लांबच्या नातेवाइकाकडे, आणि तो मँचेस्टरमध्ये वकिली करणारा. हे झालं वरच्या मजल्यावरचं. तळघरात बटलर कार्सन, हाउसकीपर मिसेस ह्यूज, स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर, तिच्या हाताखालची डेझी आणि बाकीची नोकरमंडळी. वाड्याचं चित्रीकरण हॅम्पशायरमधल्या हायक्लीअर कासलमध्ये झालं, तर स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या लंडनच्या ईलिंग स्टुडिओत उभारल्या होत्या.

मला ही मालिका जवळची वाटते ती दुसऱ्या पर्वामुळे. ते २०११ मध्ये आलं, कथा १९१६ ते १९१९ ची. पहिलंच दृश्य पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या खंदकांतलं. युद्ध आलं की सगळे एक होतात, लहानथोर भेद गळून पडतात, असं आपण नेहमी ऐकतो. हे पर्व मात्र त्या भेदांचा हिशेब अगदी बारकाईने मांडतं: कुणाला लढाईतून सूट मिळते, जखमी झाल्यावर कुणाला कुठे ठेवतात, मेल्यावर कुणाचं नाव दगडावर कोरतात.

विल्यमचंच घ्या. विल्यम हा वाड्यातला फूटमन, म्हणजे जेवणाच्या टेबलावर वाढणारा, पाहुण्यांचं सामान उचलणारा पोरगा. शेतकऱ्याचा मुलगा. आईवडिलांची बाकीची मुलं जगली नाहीत, हा एकटा उरलेला. वडिलांच्या शब्दाखातर तो भरतीपासून दूर राहतो. एका कार्यक्रमात काही बायका लढायला न गेलेल्या पुरुषांना भ्याडपणाची खूण म्हणून पांढरी पिसं वाटत येतात, त्यातलं एक त्याच्याही हातात पडतं. जानेवारी १९१६ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये सक्तीची भरती आली होती, तेव्हा बोलावणं कधी ना कधी येणारच असतं. अर्लची म्हातारी आई व्हायोलेट डॉक्टरांकडे वशिला लावून, खोटं दुखणं सांगून त्याला वाचवायला बघते. मॅथ्यूची आई इझोबेल हा डाव उघडा पाडते. तिचा स्वतःचा एकुलता एक मुलगा खंदकात आहे. मग दुसऱ्या कुणाला वशिल्याने सूट का मिळावी? दोघींचं म्हणणं पटतं, आणि मधल्यामध्ये पोरगा युद्धावर जातो. मालिका इथे न्यायनिवाडा करत नाही हे मला फार आवडतं.

तिकडे तो मॅथ्यूचाच हरकाम्या शिपाई होतो, खंदकातही वाड्यातल्यासारखीच चाकरी. १९१८ मध्ये एकाच तोफगोळ्याने दोघे जखमी होतात. तोफगोळ्याला कोण वारस नि कोण नोकर हे कळत नाही. पुढे मात्र सगळं कळतं. मॅथ्यू अधिकारी, म्हणून तो गावातल्या इस्पितळात येतो, घरच्यांच्या डोळ्यांसमोर. विल्यम साधा शिपाई, त्याला लीड्सला ठेवतात. म्हातारा बाप शेती सोडून तिथे राहू शकत नाही. गावातलं इस्पितळ अधिकाऱ्यांसाठी आहे, नियम मोडता येणार नाही, असं डॉक्टर सांगतात. पोराच्या फुप्फुसांना इजा झालेली, तो वाचणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी व्हायोलेटच टेलिफोनवरून मोठ्या नातलगाची ओळख वापरते आणि विल्यम वाड्यातल्या वरच्या खोलीत मरायला येतो. अर्लची मधली मुलगी ईडिथ त्याची शुश्रूषा करते. आयुष्यभर ज्या खोल्यांत तो कोळसा आणि ट्रे घेऊन गेला, तिथे त्याला पलंग मिळतो, तोही ओळखीने. पर्वाच्या पाचव्या भागात हे आहे. माझ्या मते संपूर्ण मालिकेतला हा सर्वांत खरा भाग.

आणि डेझी. विल्यमचं तिच्यावर प्रेम, तिचं त्याच्यावर नाही. त्याचं मन मोडू नये म्हणून ती आधी होकार देऊन बसलेली. आता तो मरताना लग्न कर म्हणतो. आपण गेलो तर तिला विधवेची पेन्शन मिळेल, हा त्यामागचा त्याचा विचार. पाद्रीबाबांना नेमका त्याच पेन्शनचा संशय येतो आणि ते लग्न लावायला कचरतात. गरिबाच्या लग्नात पैशाचा वास शोधायचा आणि वरच्या मजल्यावरची सगळी लग्नं जहागीर बघून ठरायची, हा विरोधाभास कुणीही बोलून दाखवत नाही, आणि तरी तो पुरता पोचतो. लग्न होतं, विल्यम जातो, आणि डेझी पेन्शन घ्यायला तयार नसते, कारण आपण खोटं वागलो हे तिच्या मनातून जात नाही. पुढे विल्यमचा बाप तिला लेक मानतो. डेझीवर मी खूप लिहू शकेन.

मालिकेतल्या उणिवा मला दिसत नाहीत असं नाही. मालक फार भले दाखवले आहेत. एवढ्या समजूतदार अर्लच्या पदरी राहिलेल्या नोकरांपेक्षा घाबरून राहिलेले, आजारी पडताच काढून टाकलेले नोकर त्या काळात कितीतरी जास्त असणार. मॅथ्यूचे निकामी झालेले पाय पुन्हा चालू लागतात, ती मला लेखकाने काढलेली पळवाट वाटते; विल्यमला तशी पळवाट मिळाली नाही. वाड्याचं रूपांतर बऱ्या होणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शुश्रूषागृहात होतं, ते मात्र कल्पनेतलं नाही. हायक्लीअरमध्ये कार्नार्वनची काउंटेस अल्मिना हिने १९१४ च्या सप्टेंबरातच इस्पितळ उघडलं होतं. तिचा नवरा म्हणजे इजिप्तमधल्या तुतनखामेन राजाच्या थडग्याच्या उत्खननाला पैसा पुरवणारा अर्ल.

आता आर्चीकडे येते. तो पडद्यावर दिसतच नाही. तो मिसेस पॅटमोरचा भाचा, आघाडीवर बेपत्ता. मग कळतं की भ्याडपणाच्या आरोपावरून त्याला आपल्याच लोकांनी गोळ्या घातल्या. ही बाई रोज वीस माणसांचं रांधते आणि हे दुःख उघडपणे करू शकत नाही, कारण त्यात अब्रू गेलेली. पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना असं मारलं गेलं. त्यांतले कितीतरी तोफांच्या माऱ्याने मनाने खचलेले होते. त्यांना कायद्याने माफी मिळाली २००६ मध्ये. मालिकेच्या पाचव्या पर्वात गावोगाव स्मारकं उभी राहत असतात, तेव्हा आर्चीचं नाव घालायला त्याचं स्वतःचं गाव नकार देतं. मिसेस पॅटमोर कार्सनकडे शब्द टाकते, तोही नाही म्हणतो. अखेर अर्ल आर्चीसाठी वेगळा फलक लावून देतो. त्या फलकासमोर ती रडते तेव्हा मी आजवर कधी कोरड्या डोळ्यांनी बसू शकले नाही.

आपल्यावर राज्य करणाऱ्यांचं काय कौतुक, या प्रश्नाला माझं उत्तर इथून सुरू होतं. ज्या वर्षी सोमची लढाई झाली, त्याच १९१६ मध्ये २९ एप्रिलला मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुत अल-अमारा या गावाला तुर्कांनी घातलेला वेढा आतल्या फौजेच्या शरणागतीने संपला. तिथे अडकलेली फौज होती ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी लष्करातली सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. उपासमारीने खंगलेली ती माणसं कैदी म्हणून वाळवंटातून चालवली गेली आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत. डाउन्टनमध्ये त्यांचा उल्लेख नाही, आणि यॉर्कशायरच्या त्या तळघरात तो होईल अशी माझी अपेक्षाही नाही. पण मिसेस पॅटमोर ज्या नावासाठी झगडते, ते आपल्याकडच्या किती घरांना मिळालं? सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडे गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे. इराकमधल्या बसरा स्मारकावरही ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या भारतीय शिपायांची पलटणवार नुसती संख्या.

ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून हे मान्य केलं आणि माफी मागितली. आशिया-आफ्रिकेतल्या अंदाजे ४५ ते ५४ हजार मृतांना बाकीच्यांच्या बरोबरीने स्मरलं गेलं नाही, असं त्या अहवालात आहे. तो आला तेव्हा मला सर्वांत आधी आठवली ती मिसेस पॅटमोर.

म्हणून मला विचारणाऱ्यांना माझी विनंती आहे. आधी दुसऱ्या पर्वाचे पहिले पाच भाग बघा. पहिल्या पर्वातलं वारसाहक्काचं राजकारण नंतर पाहिलंत तरी बिघडत नाही. आणि तुमच्या गावी अशी पाटी असेल, तर तिच्यावरच्या आकड्यात कोण कोण होतं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. जुन्या ट्रंकेत पलटणीचा बिल्ला, एखादं पदक, पेन्शनचा कागद सापडतो. त्यावर नाव असतं. ते लिहून काढा आणि गावच्या शाळेत नेऊन द्या.