कमिटीला पाच मिळेनात, गावाला शंभर

गावासोबत संशोधन करायचं म्हणून कुणी मला वेळापत्रक दाखवायला आणलं, की मी बाकीचे रकाने बघतच नाही. 'परवानग्या' या ओळीत किती आठवडे धरलेत तेवढं बघते. बहुतेकांनी महिना धरलेला असतो. आमच्याही तक्त्यात महिनाच होता, कारण निधी देणाऱ्यांच्या छापील नमुन्यात तो आधीच भरून आला होता.

काम तसं सरळ होतं. माण तालुक्यातल्या एका गावात विहिरींची पाणीपातळी गावकऱ्यांनीच मोजायची, नोंदी गावाच्याच वहीत ठेवायच्या. जोडीला घरोघरी पिण्याच्या पाण्याची विचारपूस: पाणी कोण आणतं, किती वेळ जातो, पोरांना जुलाब कोणत्या महिन्यात होतात. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणात पाचशेच्या आसपास, त्यामुळे विषय कुणाला पटवून द्यावा लागला नाही. विहिरी निवडल्या, प्रश्नावली झाली, विहिरीत मोजायची टेप कशी सोडायची ते पोरांना शिकवून झालं. सगळं पावसाळ्याच्या सुरुवातीलाच.

मग दोन कागद एकमेकांसाठी अडून बसले.

आरोग्याचे प्रश्न विचारायचे तर आमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची, म्हणजे अभ्यासात माणसांना अपाय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. समिती म्हणाली, अभ्यास गावाचा आहे तर गावाची संमती म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडा. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, लोकांच्या घरात जाऊन आजाराचं विचारणार. उद्या कुणी तक्रार केली तर मी काय दाखवू? आधी तुमच्या समितीचं पत्र आणा." दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर, म्हणूनच जास्त संताप यायचा. चुकीच्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

कसंबसं भाऊसाहेबांना राजी केलं की १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय तरी येऊ दे. झेंडावंदनाला गाव लोटलं, जिलेबी घेतली आणि पांगलं. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढी डोकी काही भरली नाहीत. सभा तहकूब. तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नसते म्हणून मी खूश झाले, तर भाऊसाहेबांनी रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात आणि आमचा विषय होता 'ऐनवेळचे विषय' मध्ये. म्हणजे लेखी कुठेच नाही.

इकडे समितीची बैठकही पुढे गेली. कारण तेच! तिथे किमान पाच सदस्य हजर लागतात, त्यात एक तरी संस्थेबाहेरचा. बाहेरच्यांना वेळ नव्हता. बैठक झाली तेव्हा आलेले शेरे वाचून मी फाइल मिटून चहाला गेले. संपर्काचा फोन नंबर माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर आहे, तो पहिल्या पानावर घ्या. संमतीपत्रावर अंगठा देणाऱ्यासाठी साक्षीदाराची ओळ आहे, पण साक्षीदार अभ्यासाशी संबंधित नसावा असं स्पष्ट लिहा. हा दुसरा शेरा रास्त होता, आजही तो मी इतरांना सांगते. पण दोन ओळींच्या दुरुस्तीसाठी अख्खा प्रस्ताव सगळ्या सदस्यांसाठी पुन्हा छापून, स्पायरल बांधणी करून द्यायचा आणि पुढच्या बैठकीची वाट बघायची, हे कुठल्या नीतीत बसतं?

आणि हे चाललेलं असताना सप्टेंबर संपत आला. विहिरी मोजायच्या तर ऑक्टोबर चुकवून चालत नाही. पाऊस ओसरलेला असतो, पाणी वर आलेलं असतं आणि रब्बीच्या मोटारी अजून जोरात सुरू झालेल्या नसतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आमचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवायचे होते. ऑक्टोबर हुकला तर मेमधल्या पातळीची तुलना कशाशी करणार? ज्यांच्या विहिरीवर पहिली खूण करायची होती ते तात्या रोज विचारायचे, "पानी काय तुमच्या कमिटीसाठी थांबतंय व्हय?"

शेवटी मी कामांचा तक्ता फाडून नव्याने मांडला. आधी महिन्यांप्रमाणे होता, आता दोनच रकाने: कुणाच्या सहीवाचून अडणारी कामं आणि न अडणारी कामं. विहीर हा काही माणूस नव्हे. मालकाची परवानगी असेल तर पातळी मोजायला समिती लागत नाही. तसं समितीच्या सचिवांकडून लेखी घेतलं (लेखीच घ्या, फोनवरचं 'चालेल' नंतर कुणाला आठवत नाही). घरोघरची मुलाखत तेवढी बाजूला ठेवली. सचिवांना लिहिलेल्या त्याच पत्रात दुसरी विनंती केली की मंजुरी सशर्त द्या: ठराव जमा झाल्याशिवाय एकाही घरात जाणार नाही. हे त्यांनी मान्य केलं. त्या सशर्त पत्रावर भाऊसाहेबांचंही समाधान झालं आणि गाठ सुटली.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्याच्याही आधी विषय लेखी द्या, पोच घ्या. आम्ही २ ऑक्टोबरच्या सभेसाठी तसा दिला. त्याआधी महिला सभा होते, तिथे मुद्दाम जा. आमच्या ठरावाला खरा जोर तिथूनच मिळाला. पाणी आणायला जाणारा वेळ कुणी मोजणार हे ऐकल्यावर तिथल्या बायांनी घरच्या पुरुषांना सभेला धाडलं आणि शंभरचा आकडा पार झाला. ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या, ठराव क्रमांक आणि तारीख तपासून.

लाइटचं सांगायचं राहिलं. तेव्हा आमच्या गावात शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी विहीर मोजली तर उपशाने खाली गेलेली पातळी मोजाल. मोटार बंद होऊन पाणी पुन्हा स्थिरावल्यावरच टेप सोडायची. म्हणून मोजणीच्या तारखा आम्ही महावितरणच्या पाळीप्रमाणे लावल्या, कार्यालयीन कॅलेंडरप्रमाणे नाही. मुलाखतींचंही तसंच. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी, बाया घरी नसतात. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा, गाव पाहुण्यांनी भरलेलं. मेंढरं घेऊन बाहेर पडणारी धनगर कुटुंबं दिवाळीनंतर भेटत नाहीत, त्यांच्याशी बोलायचं तर पावसाळ्यातच. हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या तक्त्यात येत नाही, पण गावातली कुठलीही बाई पाच मिनिटांत सांगते.

ऑक्टोबरची मोजणी आमची झाली, वेळेत, सगळ्या विहिरींची. याचा मला अजून अभिमान वाटतो. मुलाखती मात्र जानेवारीपर्यंत रेंगाळल्या आणि त्यांचा खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा म्हणून पुढची धावपळ झाली. तुमचा निधी आर्थिक वर्षाला बांधलेला असेल तर मुलाखत घेणाऱ्या मुलींचं मानधन पहिल्याच हप्त्यात मागा. परवानगी लांबली की सगळ्यात आधी त्यांचेच पैसे अडकतात.