ताट्या बदलायच्या की कूलर?

होळी झाली की आमच्याकडे कूलर उतरतो. लोखंडी पत्र्याचा, मी दहावीत असताना घेतलेला, आता त्यातलं मूळचं म्हणाल तर फक्त पत्रा उरलाय, मोटर दोनदा बदलून झाली, पंप दर दोन वर्षांनी जातोच, आणि ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना भरायच्या काड्यांच्या जाळ्या, दर साली नव्या. बाबा गच्चीवर बसून स्वतः ताट्या भरतात, कोणाला हात लावू देत नाहीत. नवीन प्लास्टिकचा घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर, "ताट्या बदल नं बे, कूलर कायले बदलतो?"

त्याच कूलरच्या हवेत माझा कॉम्प्युटर बसतो आणि त्यात एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आहे, म्हणजे गेममधलं चित्र पडद्यावर काढणारं, सहा जीबी मेमरीवालं. हे कार्ड जुलै २०१६ मध्ये आलं, मी २०१७ मध्ये नागपूरच्या बर्डीवरून घेतलं, पहिल्या नोकरीच्या पगारातून, बॉक्स मांडीवर घेऊन ऑटोत बसलो होतो जसं काही बाळच घरी आणून राहिलो. तेव्हा ठरवलं होतं की तीन वर्षांनी बदलू. तेव्हापासून जे थांबलो ते थांबलोच.

आता थांबण्याचं म्हणाल तर कारणं पक्की होती हां. २०१८ मध्ये आरटीएक्स २०८० टीआय आलं, भाव ऐकूनच उठलो, आणि त्याचं रे ट्रेसिंग, म्हणजे खऱ्यासारखा उजेड-सावली, दाखवायला गेम होते मोजून दोन-चार, म्हटलं पुढच्या पिढीत बघू. सप्टेंबर २०२० मध्ये ३०८० जाहीर झालं ६९९ डॉलरला, मी खरंच पैसे काढून ठेवले होते, पण कार्ड दुकानात दिसेल तर शपथ. अर्धी दुनिया घरात बसून गेम खेळत होती आणि उरलेली याच कार्डांवर इथेरियम नावाचं आभासी चलन खणत होती. २०२१ मध्ये एक जण माझ्या चार वर्षं वापरलेल्या कार्डाचे २० हजार द्यायला तयार होता, तेव्हा माझी छाती जी फुगली ती सांगता सोय नाही, पण विकून खेळणार कशावर? मग सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनेच हे खणणं, म्हणजे मायनिंग, बंद करून टाकलं, आता भाव कोसळणार म्हणून आम्ही टपून बसलो, आणि पुढच्याच महिन्यात ४०९० आलं, १,५९९ डॉलर. घ्या.

बर्डीच्या दुकानातला भाऊ तर मला पाहिलं की हसायला लागतो. "दादा, तू लॉकडाऊनपासून भावच विचारून राहिला. घेशील तं घे, नाही तं चहा घे." चहा घेतो मी. मधे म्हणे सुपरवाली, म्हणजे त्याच पिढीची सुधारलेली कार्डं येणार होती, म्हणजे पुन्हा थांबायला निमित्त.

जानेवारी २०२५ मध्ये ५०९० आलं, इथला सुरुवातीचा भाव २ लाख १४ हजार. बत्तीस जीबी मेमरी, ५७५ वॅट. माझी पॉवर सप्लायच ४५० ची आहे, म्हणजे हे एकटं कार्ड माझ्या अख्ख्या मशीनपेक्षा जास्त खाणार, आणि खाल्लेलं सगळं शेवटी गरमीच होऊन खोलीत पडणार. मे महिन्यात नागपुरात, ४५ डिग्रीत! हे डिझाइन करणाऱ्याला एक दुपार आमच्या खोलीत बसवलं पाहिजे. बरं, त्याच्या खालच्या ५०८० च्या दुप्पट पैसे मोजून गेममध्ये वेग मिळतो साधारण दीडपट, तोही ४के, म्हणजे खूप बारीक चित्राच्या पडद्यावर. माझा मॉनिटर साधा १०८०पी, चित्राचे ठिपके त्याच्या पाव. त्यावर ५०९० लावणं म्हणजे गल्लीतून दूध आणायला ट्रक काढणं.

पण वायफळ आहे असंही सरसकट म्हणवत नाही. खामल्यात माझा एक मित्र आर्किटेक्ट लोकांची थ्रीडी रेंडरिंगची कामं करतो, त्याने ४०९० घेतलं आणि ते कधीच वसूल केलं. आधी वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेल्या घरातून फिरवून आणणारा व्हिडिओ, रेंडरला लावून झोपायचा, सकाळी उठून बघतो तर मेमरी भरून मशीन अडकलेली, आता २४ जीबीत अख्खा सीन बसतो आणि क्लायंट चहा पिता पिता सोफ्याचा रंग बदलायला सांगतो. हा बावा कधी कशाची वाट पाहत बसला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, थांबलो तं काम जाते. थांबणं हा आपला, म्हणजे नुसतं खेळणाऱ्यांचा शौक आहे.

मला खरा राग दोन लाखांच्या कार्डाचा येतच नाही. ते घेणारे घेतील, बुलेट घेणारे घेतातच की. राग मधल्या कार्डांचा येतो. २०१६ मध्ये जीटीएक्स १०७० ला आठ जीबी मेमरी होती. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० ला किती? आठ. नऊ वर्षांत पोरगं चौथीत जातं हो! आणि ५०७० दाखवताना स्टेजवरून सांगितलं की ५४९ डॉलरमध्ये ४०९० ची ताकद, तर त्यात मेख अशी की चारातल्या तीन फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकामागून एक येणारी चित्रं, एआयने मधे भरलेल्या. दिसायला गुळगुळीत दिसतं, नाही असं नाही, पण दुधात पाणी किती ते गवळ्याने सांगावं नं.

यात आपली किंमत काय तेही आकड्यात दिसतं. एनव्हिडियाच्या २०२५ च्या आर्थिक वर्षात विक्री झाली १३०.५ अब्ज डॉलर, त्यात गेमिंगचे साडेअकराच्या आतच, बाकी बहुतेक सगळं डेटा सेंटरचं. ज्यांच्या जिवावर कंपनी मोठी झाली ते आता शेवटच्या पंगतीला, बुंदी उरली तर मिळेल. वर मी कार्ड घेतलं तेव्हा डॉलर पासष्ट रुपयांच्या आसपास होता, आता कुठे गेला बघा, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

मागच्या रविवारी गेम खेळता खेळता कार्ड ८६ डिग्रीला गेलं आणि पंखा करकर करायला लागला. कॅबिनेट उघडलं तर आत कूलरच्या पाण्याच्या क्षाराची पांढरी भुकटी, आणि कार्डाच्या पंख्यात काय अडकलं असेल, तर ताटीतली एक लांब काडी. आईच्या भुवयांच्या चिमट्याने काढली. मग कार्डच खोललं, चिपची गरमी बाहेर ओढणारी पेस्ट सुकून खडखडीत झाली होती ती पुसली, नवी लावली, वाटाण्याएवढी. पुन्हा तोच गेम लावला, ७२.

बाबा बॅटरी धरून उभे होते.

"हा नवा कितीले येते?"

सांगितलं. ते थोडा वेळ कार्डाकडे बघत राहिले.

"अन् वीज?"

"पावणेसहाशे वॅट."

"कूलर दोनशे खाते," ते म्हणाले, आणि नळ आला म्हणून टाकी भरायला गेले.