झाकण मिटताना आणि उघडताना

रत्नागिरी जिल्ह्यात घरोघर जाऊन सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेच्या लॅपटॉपांवरील नोंदप्रणाली आमची चार जणांची तुकडी पुण्यातून सांभाळते. हे लॅपटॉप लिनक्सवर चालतात, आणि नेटवर्क गेले किंवा आले की पडद्याच्या कोपऱ्यात सूचना दाखवणारा त्यांतला लहानसा प्रोग्राम मी लिहिलेला आहे. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी समजले की एका ताईंनी आदल्या दिवशी भरलेले 43 अर्ज लॅपटॉपमध्येच पडून राहिले आणि त्यांच्या वाडीची यादी अर्धीच पुढे गेली. नेटवर्क तुटल्याची सूचना मात्र त्यांच्या पडद्यावर वेळेवर आली होती. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, ती तर रोजच येते. झाकण उघडलं की नेट गेलं म्हणते, मग लगेच आलं म्हणते. म्हणून आम्ही आता तिकडे बघतच नाही."

त्यांचे काहीच चुकले नव्हते. दिवसातून वीस वेळा झाकण मिटणाऱ्या माणसाला वीस वेळा "नेटवर्क तुटले" असे सांगणारा प्रोग्राम माझा होता, आणि एकविसाव्या वेळची खरी सूचना त्यानेच निरुपयोगी केली होती.

दोष समोर घडवून पाहण्यासाठी मी 'आरटीसीवेक' ही आज्ञा वापरली; ती लॅपटॉप झोपवते आणि ठरलेल्या वेळी घड्याळाच्या गजराने उठवते. तीस वेळा झोपवून उठवला, पण ताईंनी सांगितलेला क्रम एकदाही दिसला नाही. दुपार होत आली तेव्हा लक्षात आले की ही आज्ञा थेट कर्नललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच, झोपायला सांगते, आणि 'सिस्टिमडी-लॉगिनडी' ही सेवा, जी झोपेपूर्वी 'प्रिपेअर फॉर स्लीप' हा संदेश सर्व प्रोग्रामांना पाठवते, तिला वाटेत कोणी विचारतच नाही. संदेश नाही म्हणून नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणाऱ्या 'नेटवर्क मॅनेजर'ने जोडणी रीतसर सोडण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे मी सकाळभर भलत्याच प्रकारची झोप तपासत होतो. मग 'आरटीसीवेक'ने फक्त गजर लावला आणि झोपवण्याचे काम लॉगिनडीमार्फत जाणाऱ्या 'सिस्टिमसीटीएल सस्पेंड' या आज्ञेकडे दिले. पहिल्याच वेळी दोष समोर आला.

डी-बसवरचे, म्हणजे प्रोग्राम ज्या वाहिनीवरून एकमेकांशी बोलतात तिच्यावरचे, संदेश ओळीने वाचले तेव्हा घटना उलगडली. झाकण मिटताच नेटवर्क मॅनेजरची अवस्था 70 वरून, म्हणजे पूर्ण जोडलेल्या स्थितीवरून, 10 वर, म्हणजे निद्रावस्थेत गेली, आणि माझ्या प्रोग्रामने ताबडतोब "नेटवर्क तुटले" अशी सूचना उभी केली. ही सूचना 8 सेकंद दिसून मावळायची होती, पण तिचा टायमर संगणकातल्या ज्या मोनोटॉनिक (फक्त पुढेच सरकणाऱ्या) घड्याळावर चालतो ते झोपेचा काळ मोजत नाही. लॅपटॉप दोन तास झोपला तरी त्या घड्याळाच्या लेखी मध्ये काहीच वेळ गेलेला नसतो. त्यामुळे दोन तासांपूर्वीची सूचना झाकण उघडल्यावर ताजी असल्यासारखी पडद्यावर उरलेले सेकंद काढत होती, आणि तिच्या पाठोपाठ "जोडले जात आहे" व "जोडले गेले" याही येऊन थडकत होत्या.

जाग आल्यावर 10 सेकंद गप्प राहायचे, हा मला सुचलेला पहिला उपाय कामाचा नव्हता. कार्यालयातले वायफाय 3 सेकंदांत जोडले जाते, तर वाडीवरचा मोबाइल हॉटस्पॉट 20 सेकंदही घेतो. झोपेचा संदेश मिळताच थोडा वेळ लॉगिनडीला थांबवून तेव्हाची स्थिती टिपून ठेवावी, असेही वाटले. तशी मुभा आहे आणि मूळ मर्यादा 5 सेकंदांची आहे. पण नेटवर्क मॅनेजरलाही तोच संदेश त्याच क्षणी मिळतो आणि तो माझी वाट पाहत नाही.

आधार मिळाला तो एका आकड्याचा. उपकरणाची अवस्था बदलल्याच्या संदेशात बदलाचे कारणही असते, आणि झोपेसाठी सोडलेल्या जोडणीचे कारण 37 असते. त्यामुळे 37 असेल तर सूचना द्यायचीच नाही, असे ठरवले. शेवटचे स्थिर नेटवर्क प्रोग्रामने सतत लक्षात ठेवायचे आणि जाग आल्यावर मधल्या पायऱ्या न सांगता फक्त तुलना करायची: तेच नेटवर्क परत मिळाले तर मौन, दुसरे मिळाले तर त्याचे नाव, आणि 30 सेकंदांत अवस्था 70 वर पोहोचली नाही तरच इशारा.

संध्याकाळी सहकाऱ्याने झाकण उघडले आणि दहाव्या सेकंदाला पुन्हा मिटले. पुढच्या वेळी उघडले तेव्हा आधीच्या जागेपणाचे उरलेले 20 सेकंद संपताच खोटा इशारा आला; कारण तेच, झोपेत थांबलेले घड्याळ. झोपेचा संदेश येताच प्रलंबित टायमर रद्द करण्याची ओळ लिहिली आणि मग आम्ही दोघांनी आलटून पालटून हातानेच चाळीस वेळा झाकण मिटले.

निघण्यापूर्वी इशाऱ्याचे शब्दही बदलले. "नेटवर्क तुटले" ऐवजी आता तिथे "नेटवर्क मिळालेले नाही. 43 अर्ज पाठवायचे राहिले आहेत" असे येते, आणि तो आकडा त्या क्षणी मोजलेला असतो. बुधवारी सकाळी नवी आवृत्ती पाठवली आणि ताईंना फोन करून सांगितले की आजपासून कोपऱ्याकडे पुन्हा लक्ष ठेवा.