माझ्या मतानं गेलेलं अपडेट

लातूरपासून तासाभराच्या अंतरावर एका शिक्षणसंस्थेत मी संगणक विभाग बघतो. विभाग म्हणजे मी, एक मदतनीस पोरगा आणि ग्रंथालयामागच्या खोलीतले चार सर्व्हर. एकावर प्रवेश आणि फी, एकावर ग्रंथालय, एकावर हजेरी-निकाल, आणि चौथ्यावर या तिघांचा रात्रीचा बॅकअप.

हे सर्व्हर मी कॉकपिट नावाच्या सॉफ्टवेअरवरून सांभाळतो. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि ९०९० हे पोर्ट टाकलं की कोणती सेवा चालू आहे, डिस्क किती भरली, लॉगमध्ये काय तक्रार आहे, सगळं एका पानावर दिसतं. वेगळे युजर बनवावे लागत नाहीत, लिनक्सचा जो युजर-पासवर्ड तोच इथे चालतो. खेड्यापाड्यातून आलेल्या मदतनीस पोराला काळ्या पडद्यावरच्या कमांडची भीती वाटायची, तो या पानावरून आठवडाभरात तयार झाला. म्हणून मला या सॉफ्टवेअरबद्दल आपुलकी आहे.

आमचे सर्व्हर आधी सेंटओएस ८ या फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर होते. ते ३१ डिसेंबर २०२१ ला बंद झालं आणि आम्हाला सगळं हलवावं लागलं. त्या धावपळीत पहिल्यांदा विचार केला की इतकी वर्षं आपण हे फुकट वापरलं, पण ते आपल्यापर्यंत नीट पोचावं म्हणून कोण राबतं? शोधत गेलो तर फेडोरा नावाच्या लिनक्सच्या चाचणीपर्यंत पोचलो. आज फेडोरात जे येतं तेच पुढे मुरून रेड हॅट या कंपनीच्या आणि तिच्यावर बेतलेल्या लिनक्समध्ये येतं. म्हणजे आमच्या फीच्या सर्व्हरवर दोन वर्षांनी जे येणार, ते आज तिथे तपासता येतं.

पद्धत अशी आहे. मेंटेनरनं, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यानं, अपडेट तयार केलं की ते आधी चाचणीच्या रिपॉझिटरीत, म्हणजे वेगळ्या साठ्यात जातं. तिथून कुणीही उतरवून घ्यावं, वापरावं आणि मत द्यावं: चाललं तर अधिक एक, बिघडलं तर उणे एक. साधारणपणे बेरीज अधिक तीन झाली की अपडेट आपोआप सगळ्यांसाठी खुलं होतं, आणि उणे तीन झाली की मागे घेतलं जातं. मतं आलीच नाहीत तर नेहमीच्या पॅकेजला सात दिवस थांबावं लागतं, आणि ज्यावाचून मशीन सुरूच होणार नाही अशा महत्त्वाच्या पॅकेजला चौदा. त्यानंतर मेंटेनर स्वतः ते पुढे ढकलू शकतो. ज्यानं अपडेट पाठवलं त्याचं स्वतःचं मत धरत नाहीत. या सगळ्या व्यवस्थेचं नाव बोधी, आणि मताला तिथे कर्म म्हणतात. अजिंठ्याच्या मुलखातल्या माणसाला हे शब्द परके वाटायचं कारण नाही. कोणी काय मत दिलं ते नावासकट तिथे कायम राहतं.

माझं पहिलं मोठं मत २०२३ च्या जुलैतलं. कॉकपिट नव्हे, त्याच प्रकारचं एक छोटं पॅनल होतं, ठरलेल्या वेळची कामं लावण्यासाठीचं. त्याचं नाव इथे घेत नाही. एकच माणूस ते फावल्या वेळात सांभाळतो आणि पुढे त्यानं जे केलं त्याबद्दल मला आदर आहे. त्याच्या अपडेटला दोन मतं पडली होती. मी रात्री घरी लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, सुरू केली, अपडेट टाकलं, लॉगिन केलं, पान उघडलं, एक काम लावलं, ते चाललं. ‘माझ्याकडे चालतं’ एवढं लिहिलं आणि अधिक एक दिलं. सगळं मिळून दहा मिनिटं. बेरीज तीन झाली आणि अपडेट पुढे गेलं. फार बरं वाटलं होतं त्या रात्री, हे खरं सांगतो.

आमची बॅकअपची मशीन फेडोरावर आहे आणि तिच्यावर हेच पॅनल होतं. दोन-तीन दिवसांत अपडेट तिथेही आलं. प्रवेशाच्या दिवसांत आमचा फीचा काउंटर रात्री अकरापर्यंत चालतो, म्हणून बॅकअप सव्वाअकराला लावलेला. त्या आठवड्यात मी ते काम दोनदा उघडलं: एकदा नवीन फोल्डर जोडायला, एकदा मेलचा पत्ता बदलायला. दोन्ही वेळा सेव्ह केलं. वेळेच्या चौकटीला हातही लावला नाही.

शनिवारी लेखा विभागातल्या मॅडमनी ताळेबंदासाठी आदल्या रात्रीची कॉपी मागितली. तासाभरानं फोन आला. “सर, कालच्या शेवटच्या सतरा पावत्या ह्याच्यात नाहीतच.”

मूळ सर्व्हरवर पावत्या जागच्या जागी होत्या, नुकसान काही झालं नाही. पण बॅकअप सव्वाअकराऐवजी सव्वादहाला झाला होता. मी लॉग मागे मागे वाचत गेलो. सोमवारी सव्वाअकरा. मंगळवारी पावणेअकरा. गुरुवारी सव्वादहा. ज्या ज्या दिवशी मी काम उघडून सेव्ह केलं, त्या त्या दिवशी ते अर्धा तास मागे सरकलं होतं.

अर्धा तास म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला. पॅनल आतून वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत धरतं आणि दाखवताना स्थानिक वेळेत बदलतं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. नव्या आवृत्तीत त्या साडेपाचातले फक्त पाच तास मोजले जात होते. रात्री सव्वाअकरा म्हणजे यूटीसीत १७:४५, त्यात पाच मिळवले की २२:४५. पान २२:४५ दाखवायचं, आणि सेव्ह केलं की तीच वेळ खरी धरून सिस्टिमला द्यायचं. लंडन, बर्लिन, न्यूयॉर्कला हे दिसायचं कारण नाही, त्यांचा फरक पूर्ण तासांचा.

मग मला का दिसलं नाही? मी तर लातूरलाच बसून तपासलं होतं. त्या रात्री घरी जाऊन व्हर्च्युअल मशीन पुन्हा उघडली आणि वेळ पाहिली. ती यूटीसीवर होती. क्लाउडची तयार इमेज तशीच येते, मी ती बदललीच नव्हती. मी इथे बसलो होतो पण माझी चाचणीची मशीन इथली नव्हती. दुसरी दोन मतं देणाऱ्यांचा दोष मी काढणार नाही, त्यांच्या गावी चूक नव्हतीच. ती पकडण्याजोगा माणूस त्या तिघांत मीच होतो, आणि माझ्याच मतानं ते अपडेट पुढे गेलं. शितावरून भाताची परीक्षा करायची आपली सवय. पण इथे पातेल्यातलं प्रत्येक शीत वेगळ्या आचेवर असतं.

मी बग लिहिला. पानाचा फोटो, लॉगच्या ओळी, १७:४५ चं गणित, आणि हेही की तिसरं मत माझं होतं. मेंटेनरनं दोन दिवसांत उत्तर दिलं आणि चौथ्या दिवशी दुरुस्तीचं अपडेट चाचणीला टाकलं.

या वेळी घाई केली नाही. आधी चाचणीची मशीन आमच्या बॅकअपच्या मशीनसारखी केली: कोलकात्याचा टाइमझोन (लिनक्समध्ये भारताची वेळ या नावानं असते), मराठी भाषा, तीच तीन कामं, आणि मुख्य म्हणजे हातानं बदललेली कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल. हा मुद्दा पुष्कळजण सोडून देतात. आपण फाइल बदललेली असली की पॅकेज बसवणारं आरपीएम सहसा तिला धक्का लावत नाही, नवी फाइल शेजारी ‘आरपीएमन्यू’ शेपूट लावून ठेवतं. त्यामुळे कोऱ्या मशीनवर नवी कॉन्फिग आणि आपल्या जुन्या मशीनवर जुनीच राहते. कोऱ्या मशीनवरची चाचणी खऱ्या सर्व्हरबद्दल फारसं काही सांगत नाही ती यामुळे.

मग मागे फिरता यावं म्हणून मशीनचा स्नॅपशॉट घेतला, अपडेट टाकलं. वेळ बरोबर. काम दहा वेळा उघडून सेव्ह केलं, तरी सव्वाअकराच. जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं का तेही पाहिलं. शेवटी, पॅकेज अर्धं बसलेलं असताना मशीनची वीज मुद्दाम तोडली. आमच्याकडे पावसाळ्यात ही रोजची गोष्ट आहे आणि इन्व्हर्टर दर वेळी साथ देतोच असं नाही. पुन्हा सुरू केल्यावर एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या नोंदीत दिसल्या. डीएनएफ या पॅकेज सांभाळणाऱ्या कमांडला दुहेरी नोंदी काढायला सांगितल्या, तर मशीन ताळ्यावर आली.

तेवढ्यात माझी खरीच लाईट गेली. त्या रात्री कॉलेजातच थांबलो होतो. वॉचमनमामा बॅटरी घेऊन दारात. “काय करायलाव सर एवढ्या रात्री? घरी जायलाव का नाही?” म्हटलं, मामा, एक घड्याळ दुरुस्त झालं का बघतोय. ते खुर्चीवर टेकले. लाईट येईपर्यंत आम्ही गप्पा मारल्या. ते म्हणाले, “आमच्या सोयऱ्याचा पोरगा नेपाळला हाय बगा, तिथं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतंय.”

मी हे ठाऊक असून विसरलो होतो. नेपाळ ५:४५. लाईट आल्यावर टाइमझोन काठमांडूचा केला, काम लावलं सव्वाअकराला, पान पुन्हा उघडलं. तेवीस वाजले दाखवत होतं. दुरुस्ती अर्ध्या तासापुरतीच केलेली होती. पाऊण तासाचा फरक असला की वरची पंधरा मिनिटं गळत होती. मग तेहरान, काबूल, यांगून पाहिले, तिघं बरोबर, कारण तिघांचाही फरक अर्ध्या तासाचा. कॅनडातलं न्यूफाउंडलंड पाहिलं, तिथे फरक अर्ध्या तासाचाच पण उणे. तेही बरोबर आलं.

आता माझ्यापुढं पेच होता. अपडेटला अधिक दोन मतं होती. माझ्या गावची चूक सुटली होती. मी अधिक एक दिलं असतं तर भारतातल्या ज्या ज्या मशीनवर कामं सरकत होती, त्यांचं सरकणं दोन-तीन दिवसांत थांबलं असतं. उणे एक दिलं तर आपोआप पुढे जाणं अडतं. बोधीत एकही उणे मत पडलं की आपोआपचा रस्ता बंद होतो आणि मेंटेनरला स्वतः ठरवावं लागतं. नेपाळात हे पॅनल वापरणारं कुणी आहे का तेही मला माहीत नव्हतं. बराच वेळ बसून राहिलो. शेवटी उणे एक दिलं आणि सोबत स्पष्ट लिहिलं: साडेपाच तासांची चूक पूर्ण सुटली आहे, पावणेसहाची राहिली आहे, तपासायची रीत अशी. घाई असेल तर हे पुढे ढकलायलाही माझी हरकत नाही, असंही लिहिलं. मेंटेनरला निर्णय घेता यावा इतकी माहिती आपण द्यायची, हे मला तेव्हा बरोबर वाटलं आणि आजही वाटतं.

त्यानं ढकललं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवीन बिल्ड, म्हणजे पॅकेजची नवी बांधणी टाकली. नवीन बिल्ड आली की आधीची मतं दिसत राहतात पण बेरजेत धरत नाहीत, सगळ्यांनी पुन्हा तपासायचं. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं, वीज तोडण्यासकट.

त्यानंतर मी अनेक अपडेट तपासली, बहुतेक कॉकपिटची. लॉगिनला किती वेळ लागतो हेही आता मोजतो. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला चोरदरवाजा उघडकीला आला तो आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर इंजिनिअरना एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायचं लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवल्यामुळे. त्या बाधित आवृत्त्या फेडोरा ४० च्या बीटापर्यंत (चाचणीसाठीची आवृत्ती), म्हणजे माझ्यासारख्या तपासणाऱ्यांच्या मशीनपर्यंत पोचल्या होत्या. ती बातमी वाचली त्या दिवशी जेवण गेलं नाही. ‘पान उघडलं, चालतं’ एवढ्यावर मत देणारा माणूस त्या अर्ध्या सेकंदापर्यंत कधीच पोचला नसता.

त्या पॅनलच्या शेवटच्या बिल्डला अधिक एक दिलं तेव्हा मत लिहायला वीस मिनिटं लागली. कोलकाता, काठमांडू, तेहरान, न्यूफाउंडलंड, प्रत्येकाची वेळ लिहिली. दोन दिवसांनी अपडेट खुलं झालं. बॅकअपच्या मशीनवर ते टाकून मी काउंटर बंद होईपर्यंत थांबलो. मॅडमनी शेवटची पावती फाडली, गल्ला मोजला, अकरा वाजून पाच मिनिटांनी निघाल्या. मी मागच्या खोलीत लॉग उघडून बसलो. २३:१५ ला पहिली ओळ आली.